आधी समुद्र, मग मासे

१९३० साली शिकागोच्या शेड अ‍ॅक्वेरियमला समुद्र हवा होता. इमारत मिशिगन सरोवराच्या अगदी काठावर. दारातून बाहेर पाहिलं की नजर पोहोचेल तिथवर पाणी, पण सगळं गोडं. प्रवाळभिंतीवरच्या माशांना त्याचा काही उपयोग नव्हता. शेवटी फ्लोरिडाच्या टोकावरच्या की वेस्ट बेटावरून रेल्वेच्या टाकी-वाघिणी भरून समुद्राचं पाणी आणायचं ठरलं. वीस वाघिणींनी आठ फेऱ्या केल्या आणि दहा लाख गॅलन, म्हणजे जवळपास ३८ लाख लिटर पाणी दोन हजार किलोमीटरहून लांब असलेल्या शहरात येऊन पोहोचलं.

आज नाशिक-नागपूरच्या फ्लॅटमध्ये समुद्री मासे पाळू पाहणाऱ्याला वाघिणी लागत नाहीत. कृत्रिम समुद्री मिठाची, म्हणजे सॉल्ट मिक्सची पिशवी आणायची, शुद्ध पाण्यात विरघळवायची, एक दिवस थांबायचं. हे इतकं सोपं झालं ते समुद्राच्याच एका गुणामुळे. समुद्राचा खारेपणा जागोजागी बदलतो. लाल समुद्र जास्त खारट, बंगालचा उपसागर अरबी समुद्रापेक्षा कमी खारट. पण त्यात विरघळलेल्या मुख्य क्षारांचं आपसातलं प्रमाण सगळीकडे जवळजवळ तेच राहतं. लंडनमधले डॉक्टर आणि रसायनतज्ज्ञ अलेक्झांडर मार्सेट यांनी १८१९ मध्ये वेगवेगळ्या समुद्रांचे नमुने तपासून हे मांडलं. पुढे १८७२ ते १८७६ या काळात एचएमएस चॅलेंजर हे ब्रिटिश जहाज जगभरच्या महासागरांतून फिरून आलं. त्याने आणलेले ७७ नमुने विल्यम डिटमार यांनी एकेक करून तपासले आणि १८८४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. मार्सेट यांचं म्हणणं खरं ठरलं. प्रमाण ठरलेलं आहे, म्हणजे पाककृतीही एकच पुरते.

या पाककृतीत एक किलो पाण्यामागे साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यात क्लोराइड १९.४ ग्रॅम, सोडियम १०.८ ग्रॅम. दोन्ही मिळून ३० ग्रॅम झाले. उरलेल्या पाच ग्रॅमांत सल्फेट २.७, मॅग्नेशियम १.३, कॅल्शियम आणि पोटॅशियम प्रत्येकी ०.४, आणि मग बायकार्बोनेट, ब्रोमाइड, स्ट्रॉन्शियम, बोरॉन अशी चिमूटचिमूट मंडळी. जिभेला खारट लागतं ते पहिल्या तीस ग्रॅमांमुळे. पण पाण्याचा सामू धरून ठेवणं, प्रवाळाचा सांगाडा आणि शंखाचं कवच घडवणं ही कामं या पाच ग्रॅमांची. नव्या टाकीसाठी पाणी बनवताना जी काही काळजी घ्यायची असते, ती बहुतेक सगळी हे पाच ग्रॅम जागेवर राहावेत म्हणूनच असते.

ज्यांना हे पहिल्यांदा जमवावं लागलं, त्यांचे हाल वेगळेच होते. निसर्ग अभ्यासक फिलिप हेन्री गॉस यांनी १८५४ मध्ये लंडनमध्ये कृत्रिम समुद्रजल तयार केलं. त्यांचा हिशेब होता साडेतीन औंस साधं मीठ, पाव औंस एप्सम सॉल्ट, २०० ग्रेन मॅग्नेशियम क्लोराइड, ४० ग्रेन पोटॅशियम क्लोराइड आणि चार क्वार्टपेक्षा किंचित कमी पाणी. आजच्या मापात सांगायचं तर सुमारे ९९, ७, १३ आणि अडीच ग्रॅम, साडेचार लिटरला थोडं कमी. कॅल्शियमचे क्षार आणि ब्रोमाइड यांचं प्रमाण अगदी थोडं म्हणून त्यांनी ते सोडून दिले. पाणी तयार झाल्यावर त्यांनी आधी शेवाळ आणि समुद्री वनस्पती त्यात ठेवल्या आणि प्राणी नंतर सोडले. हा क्रम त्यांना अनुभवाने सापडला होता; त्यामागचं जीवाणूंचं काम तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं. पाककृतीत उणीव होती, तरी तिने एक गोष्ट सिद्ध केली: समुद्र न पाहिलेल्या पाण्यातही समुद्री जीव जगू शकतो.

इथे मराठी घरात एक प्रश्न हमखास निघतो. समुद्राच्या पाण्यापासूनच मीठ बनतं, मग तेच मीठ पाण्यात परत टाकलं तर समुद्र का होऊ नये? उरण-पेणच्या बाजूला किंवा मुंबईत भांडुप-मुलुंडकडे ज्यांनी मिठागरं पाहिली आहेत, त्यांना हा प्रश्न अगदी रास्त वाटेल. उत्तरही मिठागरातच आहे.

मिठागरात भरतीचं पाणी आत घेतात तेव्हा ते घनता मोजणाऱ्या बोमे मापावर तीन-साडेतीन अंशांचं असतं. उन्हाने पाणी आटत जातं तसे क्षार एकदम खाली बसत नाहीत, रांगेने बसतात. सगळ्यात आधी कॅल्शियम कार्बोनेट. पाणी तेरा अंशांच्या आसपास आलं की जिप्सम, म्हणजे कॅल्शियम सल्फेट. पंचविशी गाठली की मग सोडियम क्लोराइडचे खडे धरू लागतात आणि पुढच्या खाचरात मीठ पिकतं. तीस अंशांच्या सुमाराला मागे राहतं ते दाट, कडवट पाणी. मॅग्नेशियम, पोटॅशियम, ब्रोमाइड हे सगळं त्यात. मीठ खाण्याजोगं राहावं म्हणून हे कडू पाणी वेळीच काढून टाकतात. थोडक्यात, चांगलं मिठागर ते पाच ग्रॅम अतिशय कौशल्याने बाजूला करतं. कॅल्शियम आधीच्या खाचरांत, मॅग्नेशियम शेवटच्या पाण्यात. हाती येतं ते स्वयंपाकाला उत्तम आणि माशांच्या टाकीला अपुरं. पुडीतल्या मिठात शिवाय आयोडीन आणि मीठ मोकळं राहावं म्हणून घातलेली द्रव्यं असतात, पण खरी अडचण त्यांची नाही. जे नाही, त्याची अडचण आहे.

मग थेट समुद्राचंच पाणी का आणू नये? रत्नागिरी-मालवणात राहणाऱ्याला हे सहज शक्य वाटतं. किनाऱ्यावरची संशोधन केंद्रं आणि मत्स्यबीज केंद्रं समुद्राचंच पाणी वापरतातही. पण ती ते गाळतात, निर्जंतुक करतात, साठवून स्थिर होऊ देतात आणि तपासतात. घरगुती कॅनमध्ये भरून आणलेल्या पाण्यात सूक्ष्म प्लवक असतात. अंधाऱ्या बंद कॅनमध्ये ते मरतात आणि कुजून पाणी बिघडवतात. मुंबईच्या किनाऱ्यावर सांडपाणी, बंदराजवळ बोटींचं तेल, आणि पावसाळ्यात सगळ्या कोकणपट्टीला नद्यांचं गोडं, गढूळ पाणी. गोव्यात मांडवीच्या मुखाजवळ ऐन पावसाळ्यात खारेपणा इतका उतरतो, की मे महिन्यात जिथून पाणी भरलं तिथूनच जुलैत भरलं तर दोन वेगळी पाणी हाती येतात. नवख्याने या वाटेला न जाणं बरं. सॉल्ट मिक्स महाग पडतं, पण दर वेळी तेच पाणी देतं, आणि या छंदात सातत्याला फार किंमत आहे.

मिठाइतकंच महत्त्वाचं आहे ते ज्यात विरघळवायचं ते पाणी. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो आणि तो असायलाच हवा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार तो लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम उरायला हवा. माणसाला जंतूंपासून वाचवणारा हा क्लोरीन माशाच्या कल्ल्यांची नाजूक त्वचा जाळतो. बादली उघडी ठेवली तर तो दिवसभरात बराच उडून जातो, पण पाणी क्लोरामाइनने शुद्ध केलेलं असेल तर क्लोरामाइन तसं उडत नाही. मुंबईला तलावांचं मऊ पाणी मिळतं. मराठवाड्यात बोअरचं पाणी जड, त्यात काही ठिकाणी नायट्रेटही असतं. पाणी उडून जातं, हे क्षार मागे राहतात आणि टाकीत दर आठवड्याला भर पडत जाते. तपकिरी शेवाळाने काच माखते, तेव्हा त्याचं मूळ अनेकदा नळात असतं.

म्हणून आरओ-डीआयचं पाणी वापरायचं. त्यात चार टप्पे असतात: गाळ अडवणारा फिल्टर, क्लोरीन शोषणारा कोळसा, आरओची पडदी आणि शेवटी उरलेसुरले आयन उचलणारं डीआय रेझिन. टीडीएस मीटरवर शून्य दिसलं की पाणी कोरं झालं. स्वयंपाकघरातला आरओ चालेल का? इथे भारतीय घरांनी विशेष जपायला हवं. आपल्याकडच्या बऱ्याच प्युरिफायरमध्ये चवीसाठी थोडं न गाळलेलं पाणी परत मिसळण्याची सोय असते. काहींत खनिजांची कांडी असते आणि काहींत आरोग्यासाठी म्हणून मुद्दाम तांबं सोडलेलं असतं. तांब्याच्या कलशातलं पाणी माणसाला चांगलं असेलही. कोळंबी, गोगलगाय, तारामासा, प्रवाळ यांना मात्र तांबं हे विष आहे. समुद्री माशांच्या परोपजीवी रोगांवर तांब्याचं औषध देतात, तेही वेगळ्या टाकीत, कारण मुख्य टाकीतले बिनकण्याचे सगळे जीव त्याने मरतात. तेव्हा घरच्या यंत्रावर तांब्याचा उल्लेख असेल तर ते पाणी टाकीत घालूच नये.

आता वजनाचा हिशेब. तीन फूट बाय दीड बाय दीडची टाकी, म्हणजे ९० × ४५ × ४५ सेंटिमीटर, कागदावर १८२ लिटरची होते. काचेची जाडी वजा करा, वरची चार बोटं रिकामी सोडा, वाळू आणि खडकांनी अडवलेली जागा काढा. प्रत्यक्षात पाणी मावतं १३५ लिटरच्या आसपास. लिटरमागे सॉल्ट मिक्स लागतं सुमारे ३७ ग्रॅम. ३५ ऐवजी ३७, कारण मिक्समधले काही क्षार स्वतःसोबत पाणी बाळगून असतात. म्हणजे या टाकीला पाच किलो मिक्स पुरे. १८२ लिटरचा हिशेब धरून पावणेसात किलो ओतणारा पहिल्याच दिवशी पाणी फार खारट करून बसतो.

पिशवी फोडण्याआधी ती उलटीपालटी करून नीट हलवावी. प्रवासात बारीक कण तळाशी जातात आणि जाड वर राहतात; वरवरचं तेवढं काढलं तर पाच ग्रॅमांचा हिशेब तिथेच चुकतो. पावसाळ्यात बरणीतल्या खडेमिठाला पाणी सुटतं ते त्यात उरलेल्या मॅग्नेशियममुळे. सॉल्ट मिक्समध्ये तर मॅग्नेशियम आणि कॅल्शियमची क्लोराइडं मुद्दाम घातलेली असतात. कोकणच्या जुलैत उघडी राहिलेली पिशवी आठवड्यात दगड होते. असं ओलं मिक्स वजनाला फसवं असतं आणि आतल्या आत क्षारांची एकमेकांशी अभिक्रियाही सुरू झालेली असते. घट्ट झाकणाचा डबा आणि वजनकाटा, दोन्ही लागतातच.

मिसळताना क्रम एकच: आधी पाणी, मग मीठ. खाद्यपदार्थांसाठीचा स्वच्छ प्लास्टिक ड्रम घ्यावा. त्यात आरओ-डीआयचं पाणी भरावं, पॉवरहेड, म्हणजे पाणी ढवळणारा छोटा पंप, सुरू करावा, पाणी २५ अंशांच्या आसपास असावं आणि मग मूठमूठ मीठ सोडावं. ड्रमच्या तळाशी मीठ टाकून वरून पाणी ओतलं तर काय होतं ते एकदा पाहिलेला माणूस विसरत नाही. तळाशी क्षणभर अतिशय दाट द्रावण तयार होतं. त्यात कॅल्शियम आणि कार्बोनेट एकमेकांना गाठतात आणि पाणी ताकासारखं पांढरं होतं. ते पांढरं म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, मिठागरात सगळ्यात आधी बसणारा तोच क्षार. ड्रमच्या भिंतीवर तो खरखरीत थर होऊन बसतो आणि कितीही ढवळलं तरी सहजी परत विरघळत नाही. पाणी दुसऱ्या दिवशी निवळतं, मापकावर खारेपणाही बरोबर दिसतो. कॅल्शियम आणि क्षारता मात्र खाली आलेली असते. खारेपणाचा आकडा बरोबर आला म्हणजे पाणी बरोबर झालं असं नाही, ते यासाठी.

बरोबर मिसळलेलं पाणी तासाभरातच निवळू लागतं. तरी पंप चोवीस तास चालू ठेवावा. हवेशी संपर्क येऊन पाण्यातला कार्बन डायऑक्साइड समतोलाला यावा लागतो, तेव्हाच सामू ८.१ ते ८.४ च्या दरम्यान स्थिरावतो. पाण्याला हवा हवी, हे विजेच्या पंपाआधीही लोकांना कळलं होतं. १८४६ मध्ये अ‍ॅना थीन यांनी टॉर्कीच्या किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळ लंडनला आणलं. घरकाम करणाऱ्या बाईने उघड्या खिडकीपाशी उभं राहून ते पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात ओतत राहायचं, हा तिथला रोजचा नेम होता. त्या श्रमांवर ते प्रवाळ लंडनमध्ये जगलं. त्या बाईचं नाव समुद्री अ‍ॅक्वेरियमच्या इतिहासात यायला हवं होतं.

खारेपणा मोजायला दोन साधनं घरगुती वापरात आहेत. हायड्रोमीटर स्वस्त, पण काटा असलेल्या प्रकारात काट्याला हवेचा एक बुडबुडा चिकटला तरी आकडा वर जातो. रिफ्रॅक्टोमीटर थोडा महाग आणि जास्त भरवशाचा. काचेवर दोन-तीन थेंब टाकायचे, झाकण अलगद मिटायचं, बुडबुडा राहिला नाही ना ते पाहायचं, अर्धा मिनिट थांबायचं आणि उजेडाकडे धरून डोळा लावायचा. वर निळं, खाली पांढरं, मधली रेघ ३५ वर किंवा दुसऱ्या, सापेक्ष घनतेच्या पट्टीवर १.०२६ वर यायला हवी. घाईघाईने पाहिलं तर रेघ किंचित सरकलेली दिसते, कारण थेंबाचं आणि काचेचं तापमान अजून जुळलेलं नसतं.

हे साधन शुद्ध पाण्याने शून्यावर लावून घ्यावं असं अनेक माहितीपत्रकांत असतं. तेवढ्याने भागत नाही. शून्याला बरोबर असलेला रिफ्रॅक्टोमीटर ३५ ला चुकीचा असू शकतो, आणि टाकीचा सगळा कारभार तर ३५ च्या आसपास चालतो. म्हणून ३५ चं प्रमाणित द्रावण वापरून तो जुळवावा. ते मिळत नसेल तर स्वयंपाकघरातलं मीठ इथे कामाला येतं: ३६.५ ग्रॅम कोरडं मीठ आणि ९६३.५ ग्रॅम आरओ-डीआयचं पाणी. हे द्रावण प्रकाशाला तेवढंच वाकवतं जेवढं ३५ च्या खारेपणाचं समुद्रजल. समुद्रशास्त्रज्ञांनाही हीच गरज भासली होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून कोपनहेगनमध्ये मार्टिन नूडसेन यांच्या पुढाकाराने काचेच्या नळ्यांत सीलबंद केलेलं प्रमाणित समुद्रजल जगभरच्या प्रयोगशाळांना जाऊ लागलं, म्हणजे सगळ्यांची मापं एकमेकांशी जुळावीत.

पाणी तयार झालं, टाकीत भरलं, दिवे लागले. मासे आणायला अजून चार ते सहा आठवडे आहेत, आणि नव्या माणसाचा धीर सुटतो तो इथेच. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया सुटतो. तो खाऊन नायट्राइट करणारे आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जीवाणू खडकांवर आणि वाळूवर वसायला तेवढा वेळ घेतात. समुद्री टाकीत हे जास्त जपायचं, कारण सामू. सामू ७ असताना एकूण अमोनियापैकी अर्ध्या टक्क्याच्या आसपासच विषारी, मोकळ्या रूपात असतो, ८.२ ला हे प्रमाण सात-आठ टक्क्यांवर जातं. गोड्या पाण्याच्या टाकीत मासा ज्या अमोनियात तग धरतो, त्याच अमोनियात इथे मरतो. म्हणून मोकळ्या टाकीत थोडा अमोनिया सोडून चाचणीसंच घेऊन बसावं. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही वर चढून शून्यावर उतरले की टाकी तयार. या काळात खडक लागतात. पण भारतीय किनाऱ्यावरचं प्रवाळ उचलून आणू नये. खडक घडवणारी प्रवाळं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. कोरडे किंवा बनवलेले सच्छिद्र खडक जीवाणूंना तितकेच मानवतात.

याच आठवड्यांत बाष्पीभवनाशी ओळख होते. पाणी उडतं, मीठ उडत नाही. १३५ लिटरच्या टाकीतून पंख्याखाली दिवसाला दोन लिटर उडालं आणि आठवडाभर कुणी पाहिलं नाही, तर ३५ चा खारेपणा ३९ वर गेलेला असतो. जवळजवळ लाल समुद्र. नागपूरच्या मे महिन्यात हे आणखी लवकर होतं. उडालेल्या पाण्याची भरपाई नेहमी कोऱ्या आरओ-डीआय पाण्याने करायची, खाऱ्या पाण्याने कधीच नाही. काचेवर पाण्याच्या पातळीशी एक चिकटपट्टी लावली की रोज सकाळी किती घालायचं ते दिसतं. खारं पाणी बनवायचं ते पाणी बदलण्यासाठी. दर पंधरवड्याला दहा टक्के जुनं काढून तितकंच ताजं, त्याच खारेपणाचं आणि त्याच तापमानाचं घातलं, की प्राण्यांनी वापरलेलं कॅल्शियम आणि इतर क्षार परत मिळतात.

समुद्री माशाच्या अंगातले द्रव समुद्राच्या साधारण एक तृतीयांश खारट असतात. बाहेरचं खारं पाणी त्याच्या शरीरातून पाणी सतत ओढून घेतं, म्हणून तो समुद्र पीत राहतो आणि जास्तीचं मीठ कल्ल्यांतून बाहेर टाकतो. खारेपणा हळूहळू बदलला तर ही यंत्रणा जुळवून घेते. तारामासा, सी अ‍ॅनिमोन यांच्याकडे अशी यंत्रणाच नाही. बाहेरचं पाणी बदलेल तसं त्यांचं आतलं पाणी बदलतं, आणि ते एकाएकी बदललं तर पेशी फुगतात किंवा आक्रसतात.

त्यामुळे पहिला मासा घरी आणताना रिफ्रॅक्टोमीटर पुन्हा हाती घ्यावा. सुरुवातीला बंदिस्त पैदाशीतून आलेला क्लाउनफिश निवडावा. नवी मुंबईत ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातही त्याच्या पैदाशीचं काम सुरू झालं आहे. दुकानदार मासे बरेचदा १.०२० च्या आसपासच्या कमी खारट पाण्यात ठेवतात, त्यात परोपजीवी कमी वाढतात आणि मीठही कमी लागतं. पिशवीतलं पाणी मोजावं. फरक थोडा असेल तर मासा बादलीत घेऊन बारीक नळीने टाकीचं पाणी थेंबथेंब सोडावं. फरक मोठा असेल तर वेगळी छोटी टाकी दुकानातल्याच खारेपणाची बनवावी, मासा तिच्यात सोडावा आणि खारेपणा काही दिवसांत हळूहळू चढवत न्यावा. त्यासाठी ड्रममध्ये वीस-पंचवीस लिटर तयार पाणी आधीपासून असलेलं बरं.